गावचा डॉक्टर आणि टीबी : प्रशिक्षणात काय शिकवायचं, काय नाही

यवतमाळ : खोकला सुरू झाला की खेड्यातला माणूस पहिल्याच दिवशी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जात नाही. आधी तो घरचा काढा घेतो, मग गावातल्या मेडिकलमधून किंवा किराणा दुकानातून गोळी आणतो, आणि तरी थांबलं नाही तर गावातल्या किंवा बाजाराच्या गावातल्या ‘डॉक्टर’कडे जातो. त्या डॉक्टरकडे पदवी असेलच असं नाही. कुणी शहरातल्या दवाखान्यात कंपाउंडर होता, कुणी मेडिकल दुकानात काम करून शिकला, कुणी वडिलांची गादी चालवतो. सरकारी कागदात त्याला बोगस डॉक्टर म्हणतात, पेपरवाले मुन्नाभाई म्हणतात, काही भागात सरसकट ‘बंगाली डॉक्टर’ म्हणतात, मग तो बंगालचा असो की नसो. गावकरी मात्र त्याला नुसतं डॉक्टर म्हणतात. रात्री अकरा वाजता मोटारसायकलवर येणारा तोच असतो.

टीबीचा, म्हणजे क्षयरोगाचा विचार केला तर हा माणूस फार महत्त्वाच्या जागी बसलेला आहे. टीबीचा रुग्ण सगळ्यात आधी त्याच्याच समोर येतो. त्यानं ओळखलं आणि थुंकी तपासायला पाठवलं तर रुग्ण आठ दिवसात औषधावर येऊ शकतो. ओळखलं नाही आणि सुया मारत राहिला तर दोन-तीन महिने जातात. तोवर घरातली लेकरं, म्हातारी माणसं आणि सोबत कापूस वेचणाऱ्या बाया त्याच हवेत श्वास घेत राहतात. म्हणून अशा अनौपचारिक डॉक्टरांना टीबीबाबत शिकवावं की नाही, आणि शिकवायचं तर काय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्याबद्दल देशात आणि बाहेर काय अनुभव आले, कायदा काय म्हणतो आणि गावकऱ्यानं काय लक्षात ठेवावं, याची ही माहिती.

जिल्ह्याची अडचण

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आणि दोन हजारांवर गावं आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती, त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त लोक खेड्यात राहतात. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात कोलामांचे पोड आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड. पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रसकडे बंजारा तांडे आहेत. पोडावर किंवा तांड्यावर राहणाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वरून गाडीभाडं. थुंकी द्यायला एक चक्कर, रिपोर्टला दुसरी, औषधाला तिसरी. याउलट गावचा डॉक्टर उधारीवर सुई मारतो आणि पैसे कापूस विकल्यावर घेतो. सरकारी दवाखाना फुकट असूनही लोक तिकडे का जात नाहीत, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

दुसरं असं की आपल्या भागात खोकल्याला नेहमीच एखादं कारण सापडतं. फवारणीच्या दिवसात फवाऱ्यामुळे, कापसाच्या हंगामात पराटीच्या धुळीमुळे, जिनिंगमध्ये काम असेल तर रुईच्या कणांमुळे, थंडीत थंडीमुळे. बिडी ओढणाऱ्याचा खोकला तर कुणी मोजतच नाही. वणी भागात कोळसा खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या आहेत, तिथल्या धुळीचाही खोकला असतो. पण दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर टीबीचा धोका उलट वाढतो. म्हणजे ‘धुळीचा खोकला आहे’ असं म्हणून ज्याला परत पाठवलं, त्याचीच तपासणी आधी व्हायला पाहिजे.

लोक उशीर करतात हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या टीबी सर्वेक्षणात असं दिसलं, की टीबीसारखी लक्षणं असलेल्या १०० लोकांपैकी जवळपास ६४ जण कुठेच दाखवायला गेले नव्हते. बहुतेकांनी लक्षणाकडे दुर्लक्ष केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २८ लाख लोकांना नव्यानं टीबी झाला, जगातल्या एकूण रुग्णांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त.

सुई मारल्यानं नेमकं बिघडतं काय

गावचा डॉक्टर खोकला-तापाला साधारण काय देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. एक अँटिबायोटिक, एक तापाची गोळी, खोकल्याचं औषध, आणि ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून डेक्सा किंवा बेटनेसॉलसारखं स्टेरॉइड. अशक्तपणा असेल तर सलाईन.

स्टेरॉइडनं ताप उतरतो, भूक लागते, अंगात तरतरी येते. रुग्णाला वाटते, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. पण स्टेरॉइड शरीराची लढायची ताकद कमी करतं. आत टीबीचे जंतू असतील तर त्यांना रान मोकळं मिळतं. आठ-दहा दिवसांनी त्रास पुन्हा सुरू होतो, पुन्हा सुई, आणि असे दोन महिने निघून जातात.

लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांचं आणखी वेगळं आहे. या गटाची औषधं टीबीच्या जंतूवर थोडाबहुत परिणाम करतात. त्यामुळे थोडे दिवस बरं वाटतं, थुंकी तपासली तर जंतू सापडत नाहीत, निदान मागे पडतं. उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. यातलं लिव्होफ्लॉक्सासिन हे बिघडलेल्या टीबीवर, म्हणजे साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर वापरायचं राखीव औषध आहे. साध्या खोकल्याला ते वाटलं तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते काम करणार नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि अमिकासिनच्या सुयांचंही तसंच.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे टीबीचीच औषधं अंदाजानं देणं. टीबीच्या गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनावर ठरते. सरकारी गोळ्यांच्या हिशेबात ३५ ते ४९ किलोच्या मोठ्या माणसाला रोज ३ गोळ्या लागतात, ५० ते ६४ किलोला ४. पहिले दोन महिने चार औषधं, नंतर चार महिने तीन औषधं, सगळी मिळून रोज न चुकता सहा महिने. कुणी एकच औषध दिलं, कमी दिलं किंवा महिन्यानं बंद केलं, तर जंतू मरत नाही, पक्का होतो. मग तो रुग्ण ज्याला टीबी देईल, त्यालाही पक्काच टीबी देईल.

पदवीवाले तरी कुठे बरोबर लिहीत होते?

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर सगळा दोष गावच्या डॉक्टरवर जाईल. डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मुंबईच्या झोपडपट्टी भागातल्या खासगी डॉक्टरांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. टीबीला काय औषध लिहाल, असं विचारल्यावर १०० डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहून दिली. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास मुंबईतच पुन्हा केला. १०६ डॉक्टरांपैकी फक्त ६ जणांनी बरोबर चिठ्ठी लिहिली. हे सगळे दवाखाना थाटून बसलेले डॉक्टर होते, आणि मुंबईसारख्या शहरात.

त्यावरून पदवी आणि बिनपदवी सारखीच, असं कुणी समजू नये. एवढंच, की टीबीच्या बाबतीत चांगलं शिकवणं सगळ्यांनाच लागतं. फक्त पदवीधराला औषध कसं द्यायचं ते शिकवता येतं. बिनपदवीच्या माणसाला ते शिकवता येत नाही आणि शिकवूही नये. त्याचं प्रशिक्षण ओळखणं, पाठवणं आणि नंतर सोबत राहणं, इथपर्यंतच पाहिजे.

बांगलादेश, बीरभूम आणि अक्षय

शेजारच्या बांगलादेशात गावच्या डॉक्टरला ‘ग्राम डाक्टर’ म्हणतात. तिथे डेमियन फाउंडेशन या संस्थेनं १९९८ पासून बारा हजारांवर ग्राम डाक्टरांना टीबीचं प्रशिक्षण दिलं. काम दोनच प्रकारचं : संशयित रुग्ण तपासणीला पाठवायचा, आणि निदान झाल्यावर रोजची गोळी आपल्यासमोर खाऊ घालायची. २००२-०३ मध्ये त्या भागात सापडलेल्या टीबी रुग्णांपैकी साधारण ११ टक्के या डाक्टरांनी पाठवलेले होते आणि उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास होतं. ११ टक्के हा आकडा कुणाला लहान वाटेल. पण हे असे रुग्ण, जे नाहीतर सुया घेत बसले असते.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला अनुभव जरा वेगळा आहे आणि आपल्यासाठी जास्त शिकवणारा आहे. तिथे लिव्हर फाउंडेशन या संस्थेनं गावच्या डॉक्टरांना ९ महिने, एकूण १५० तास शिकवलं. ते प्रशिक्षण टीबीचं नव्हतं. छातीत दुखणं, दम लागणं, लेकरांची हगवण अशा नेहमीच्या आजारांचं होतं. नंतर ओळख न देता खोटे रुग्ण पाठवून तपासणी केली, त्याचा निकाल २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शिकलेल्यांचं काम खरंच सुधारलं, रुग्णाला योग्य सल्ला मिळण्याचं प्रमाण वाढलं. पण गरज नसलेली औषधं देणं मात्र कमी झालं नाही. अँटिबायोटिक आधी जेवढं देत होते, तेवढंच नंतरही दिलं.

कारण उघड आहे. गावच्या डॉक्टरला पैसे सल्ल्याचे मिळत नाहीत, सुईचे आणि गोळ्यांचे मिळतात. ‘तुम्ही थुंकी तपासून या’ एवढं सांगून त्यानं कुणाकडून पन्नास रुपये मागितले तर कोण देईल? म्हणून नुसतं एक दिवसाचं शिबिर, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र यानं टीबीत फार फरक पडेल असं धरून चालू नये. पाठवण्यात त्याचा तोटा होणार नाही, ही व्यवस्थाही सोबत लागते.

भारतात असं काम मोठ्या प्रमाणावर झालं ते ‘अक्षय’ प्रकल्पात. नाव छान आहे, क्षय नसलेला तो अक्षय. ग्लोबल फंडाच्या पैशातून २०१० मध्ये हा प्रकल्प सुरू झाला आणि ‘द युनियन’ या संस्थेमार्फत २१ राज्यांतल्या ३०० जिल्ह्यांत चालला. गावात प्रॅक्टिस करणाऱ्या बिनपदवीच्या लोकांना त्यात ‘ग्रामीण आरोग्यसेवा देणारे’ असं साधं नाव दिलं होतं. लक्षणं ओळखा, रुग्ण पाठवा, थुंकीचा नमुना पोचवायला मदत करा, आणि जमलं तर गोळ्या खाऊ घाला, असं त्यांना शिकवलं गेलं. बोगस म्हणून हिणवायचं नाही आणि डॉक्टर म्हणून मानही द्यायचा नाही, असा हा मधला रस्ता होता. तोच बरोबर वाटतो.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्र वैद्यकीय व्यावसायिक अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली तुरुंगवासाची शिक्षा आहे. जिल्ह्यात आणि तालुक्यात बोगस डॉक्टर शोधण्यासाठी समित्या असतात, मधूनमधून धाडी पडतात, गुन्हे दाखल होतात. टीबीचं प्रशिक्षण घेतलं म्हणून या कायद्यातून कुणाची सुटका होत नाही. शिबिराचं प्रमाणपत्र फ्रेम करून दवाखान्यात लावणं ही लोकांची फसवणूकच आहे. अशा प्रशिक्षणाला डॉक्टरांच्या संघटना विरोध करतात तो याच भीतीनं, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून प्रमाणपत्र देऊच नये, किंवा दिलं तर त्यावर ‘फक्त रुग्ण पाठवण्यासाठी’ असं ठळक मराठीत असावं.

उलट बाजूही बघायला पाहिजे. ज्याच्यावर धाड पडायची टांगती तलवार आहे, तो आपल्याकडे टीबीचा रुग्ण आला होता हे सरकारी माणसाला कशाला सांगेल? तो गप्प बसतो आणि रुग्णाला दुसऱ्या खासगी दवाखान्याचा रस्ता दाखवतो. धाड घालणारा विभाग आणि शिकवणारा विभाग एकच, ही खरी गाठ आहे. ती अजून कुठेच नीट सुटलेली नाही.

नोंदणीकृत डॉक्टर, लॅब आणि मेडिकल दुकानदार यांचे नियम मात्र स्वच्छ आहेत. मे २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर न कळवणाऱ्यावर फौजदारी कलमं लागू शकतात. टीबीची औषधं १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विकली तर रुग्णाचं, डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. लिव्होफ्लॉक्सासिनही त्याच यादीत आहे. तालुक्याच्या गावात किती दुकानदार हे पाळतात, ते ज्याचं त्याला ठाऊक. आणखी एक : टीबीसाठी रक्त तपासून पाच मिनिटात रिपोर्ट देणाऱ्या चाचण्यांवर जून २०१२ पासून बंदी आहे. छातीचा टीबी कळतो तो थुंकी आणि एक्स-रेवरून. कुणी बोटातल्या रक्तावरून टीबी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

प्रशिक्षणात असावं ते

सगळ्यात आधी लक्षणं. दोन आठवडे किंवा जास्त खोकला, दोन आठवडे किंवा जास्त ताप, तोही बहुधा संध्याकाळी अंगात येणारा, वजन कमी होणं, रात्री घाम सुटून कपडे ओले होणं, थुंकीतून रक्त. यातलं एक जरी असलं तरी तपासणी. पाचही लक्षणं जमेपर्यंत वाट बघायची नाही. लेकरू असेल तर खोकल्यापेक्षा वजनावर लक्ष ठेवावं. खातं-पितं लेकरू वाढत नसेल आणि घरात कुणाला टीबी असेल तर लगेच पाठवावं. मानेत गाठी म्हणजे गंडमाळ, पाठीच्या मणक्यात दुखणं आणि बाक, हेही टीबीमुळे असू शकतं.

दुसरी गोष्ट थुंकी. ऐकायला सोपी, पण इथेच सगळ्यात जास्त नमुने वाया जातात. लोक तोंडातली लाळ डबीत टाकून देतात. छातीतून खोल खाकरून आलेला बेडका पाहिजे. आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या हवेत, लोकांपासून दूर उभं राहायचं, लांब श्वास दोन-तीन वेळा घ्यायचा आणि मग जोरात खोकायचं. दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या-उठल्या, काही खाण्याआधी. डबीचं झाकण घट्ट लावून त्यावर नाव लिहायचं. डबी उपकेंद्रात किंवा आशा ताईकडे फुकट मिळते. आता सूक्ष्मदर्शकाशिवाय सीबीनॅट आणि ट्रूनॅट या मशीनवरही तपासणी होते. मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, तेही त्यात लगेच कळतं. यातलं ट्रूनॅट हे आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी काम अडत नाही. आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही.

तिसरी गोष्ट, काय करायचं नाही. दोन आठवड्यांच्या खोकल्याला स्टेरॉइड नाही, लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातलं काही नाही, स्ट्रेप्टोमायसिनची सुई नाही, आणि टीबीची एकही गोळी आपल्या हातानं सुरू करायची नाही. प्रशिक्षणातला हा भाग सगळ्यात नावडता असतो, कारण धंदा इथेच अडतो. शिकवणाऱ्यानं तो घाईत उरकू नये. निम्मा वेळ यावरच गेला तरी चालेल.

चौथं काम निदानानंतरचं, आणि त्यात गावचा डॉक्टर खरंच उपयोगी आहे. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी-लाल होते. रुग्ण घाबरतो, रक्त जाते असं समजून गोळ्या टाकून देतो. ते औषधामुळे होतं, घाबरायचं कारण नाही, हे शेजारच्या विश्वासाच्या माणसानं सांगितलं तर पटतं. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, मग लोक म्हणतात ‘आता काय गरज?’ उपचार इथेच सुटतो. मात्र डोळे पिवळे झाले, सतत उलट्या सुरू झाल्या किंवा नजर अंधुक झाली तर घरी बसायचं नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. दारू पिणाऱ्याला हे जास्त कडक शब्दात सांगावं लागतं. मोहाची असो की देशी, टीबीच्या गोळ्या आणि दारू एकाच लिव्हरवर भार टाकतात.

पोडावर शिकवायचं तर भाषेचाही विचार लागतो. कोलामांची बोली कोलामी आहे. मराठीतली लांबलचक भित्तीपत्रकं तिथे भिंतीवरच राहतात. देवाधर्माचं बघणारा, झाडपाल्याचं औषध देणारा माणूस पोडात असतो, त्यालाही या बैठकीला बोलवायला पाहिजे. त्याच्या पूजेला कुणी अडवू नये. पूजा कर, पण डबीही दे, एवढं त्याच्याशी ठरलं तरी पुरे.

पैसा कुणाला, किती

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात टीबीचा संशयित रुग्ण सरकारी केंद्रात पाठवला आणि त्याला टीबी निघाला, तर पाठवणाऱ्याला ५०० रुपये मिळतात. तो आशा असो, बरा झालेला जुना रुग्ण असो किंवा साधा गावकरी. सरकारी पगार घेणाऱ्याला मिळत नाहीत. रक्कम बँक खात्यात येते, म्हणून पाठवतानाच आपलं नाव रुग्णाच्या नोंदीसोबत लिहून घ्यायला सांगावं. मागून भांडून उपयोग होत नाही. रुग्णाला सहा महिने गोळ्या खाऊ घालणाऱ्या उपचार सहायकाला साध्या टीबीसाठी १,००० आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी ५,००० रुपये मानधन आहे. खासगी नोंदणीकृत डॉक्टरला रुग्णाची नोंद केल्यावर ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर ५०० मिळतात.

रुग्णासाठी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून आहे. आधी महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचारात ६,००० रुपये, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत. अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला ७५० रुपये वेगळे. अनेकांचे पैसे अडकतात ते आधार खात्याला जोडलेलं नसल्यानं किंवा खातं बंद पडल्यानं. पहिल्याच भेटीत पासबुक घेऊन जावं.

पैसा लहान वाटला तरी खुराक मोठं औषध आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्या लोकांना धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. घरात टीबी असेल तर बाकीच्यांनाही तपासून घ्यावं. ज्यांना टीबी नाही, त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध मिळतं.

कुठे जायचं

थुंकी तपासायची सोय जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून होते. पुसद, दारव्हा आणि पांढरकवडा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि जिल्हा क्षयरोग केंद्र आहे. तालुक्याला टीबीचा वेगळा पर्यवेक्षक असतो, त्याला एसटीएस म्हणतात. गावच्या डॉक्टरला खरंच मदत करायची असेल तर त्यानं एसटीएसचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. निक्षय संपर्क हेल्पलाइन १८००-११-६६६६ वर फोन फुकट लागतो.

ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला बाहेर जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उपचार सुरू असताना गाव सोडावं लागलं तर गोळ्या बंद करायच्या नाहीत. प्रत्येक रुग्णाला निक्षयचा एक नंबर मिळतो. तो नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवला आणि जाण्याआधी आशा ताईला किंवा एसटीएसला कुठे चाललो ते सांगितलं, तर नोंद तिकडच्या आरोग्य केंद्रात पाठवली जाते आणि पुढच्या गोळ्या तिथून फुकट मिळतात. मुकादमासोबत टोळी निघायच्या चार दिवस आधी हे काम करून घ्यावं, गाडीत बसल्यावर फोन करून ते होत नाही.